मठात चार दिवस राहायचंय, की कायमचंच? नाशिककरांसाठी थोडं कामाचं

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळयेशूची यात्रा उरकली की माझ्याकडे हमखास मेसेज यायला लागतात, की तुम्ही त्या कॅथलिक ख्रिस्ती मठांमध्ये जाऊन राहता ना, आम्हालाही चार दिवस शांततेत जायचंय, कुठं जाऊ, पैसे किती पडतात, मोबाईल चालतो का वगैरे. आणि अधूनमधून एखादा वेगळा मेसेज येतो, बहुतेक रात्री उशिरा, की मला कायमचंच जावंसं वाटतंय, घरी कसं सांगू. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून हात दुखायला लागले म्हणून दोन्हीचं उत्तर एकदाच लिहून टाकतो. दोन्हीचं उत्तर सुरुवातीला तरी एकच आहे खरं म्हणजे: तिथल्या वेळापत्रकात शिरायचं आणि ते वेळापत्रक आपल्याशी काय करतं ते बघायचं. शांती, अनुभव, साक्षात्कार यांची यादी घेऊन गेलात तर दुसऱ्याच दिवशी परतीचं तत्काळ तिकीट बघत बसाल.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. आपल्याकडे रोज दिसतात ते फादर आणि सिस्टर, शाळा चालवणारे, दवाखान्यातले, गावोगाव मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करत फिरणारे, ते वेगळे. त्यांची प्रार्थना असतेच पण दिवस लोकांमधल्या कामावर बेतलेला असतो. मठवासी लोकांचं उलटं, दिवस प्रार्थनेवर बेतलेला आणि मधल्या फटींमध्ये काम. त्यातही दोन प्रकार. बेनेडिक्टाइन, ट्रॅपिस्ट असे, संत बेनेडिक्टच्या नियमावलीवर चालणारे मठ पाहुणे ठेवतात, त्या नियमावलीतच आहे ते. आणि कार्मेल, पुअर क्लेअर यांसारखे सिस्टरांचे बंदिस्त मठ, तिथं तुम्ही चॅपलमध्ये मिस्सेला बसू शकता, भेटीच्या खोलीत जाळीच्या पलीकडून बोलू शकता, पण आतल्या भागात राहायला जाता येत नाही. दाराशी एक फिरतं लाकडी कपाट असतं, वस्तू इकडून ठेवायची, कपाट फिरतं, पलीकडे घेतली जाते. मुलीला कार्मेलला जायचंय म्हणून तिच्यासोबत 'दोन दिवस राहून बघतो' म्हणणाऱ्या आई-बाबांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

राहायला कुठं जायचं? मला विचाराल तर पहिल्यांदा कुरिसुमला. केरळात वागमोनला, डोंगरावर, साधारण अकराशे मीटर उंचीवर. बेल्जियमहून आलेले फादर फ्रान्सिस आचार्य आणि इंग्रज बेनेडिक्टाइन बीड ग्रिफिथ्स यांनी 1958 मध्ये सुरू केलेला आश्रम, 1998 पासून ट्रॅपिस्ट परिवारात आहे. भगवे कपडे, जमिनीवर बसून जेवण, उपासना सिरियाक (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती) परंपरेतली आणि उपजीविका गाईंवर. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस पकडायची, एर्नाकुलमला उतरायचं, मग कोट्टायम, तिथून एराट्टुपेट्टामार्गे बसनं वर. पावसाळ्यात जाऊ नका म्हणणार नाही पण जळवांची तयारी ठेवा, आणि शाल कुठल्याही महिन्यात लागतेच.

दुसरं शांतिवनम, तामिळनाडूत कुळित्तलैजवळ, त्रिची आणि करूर यांच्या मधे, कावेरीच्या काठी. मोंशानँ आणि हेन्री ल सो उर्फ अभिषिक्तानंद या दोन फ्रेंच माणसांनी 1950 मध्ये सुरू केलं, 1968 ला बीड ग्रिफिथ्स कुरिसुमलाहून तिकडे गेले आणि 1993 मध्ये तिथंच वारले. तिथल्या प्रार्थनेत बायबलबरोबर उपनिषदंही वाचली जातात. आपल्यातल्या काहींना ते फार आवडतं, काहींना अजिबात पटत नाही आणि ते परत येऊन माझ्याशीच वाद घालतात, त्यामुळे आधीच सांगून ठेवलं. ज्यांना सरळसोट बेनेडिक्टाइन मठ हवाय त्यांनी बंगळूरजवळचं आशीर्वनम बघावं, म्हैसूर रोडवर आहे.

इगतपुरी करून आलेले लोक एक गैरसमज घेऊन येतात. विपश्यनेत दहा दिवसांच्या शिबिरात जवळजवळ शेवटपर्यंत मौन, रोज प्रवचन, काय करायचं ते टप्प्याटप्प्यानं शिकवतात, अडचण आली तर आचार्यांना विचारायची ठरलेली वेळ. मठात यातलं काही नसतं. तुम्हाला कोणी काही शिकवायला येत नाही, खोलीची किल्ली आणि प्रार्थनेच्या वेळांचा कागद मिळतो, बास. कामापुरतं बोलायला बंदी नाही, पण रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत कोणी बोलत नाही, ते मात्र कडक. ज्यांना 'कोर्स' हवाय त्यांचा पहिल्या दिवशी फार वैताग होतो, की अहो आम्ही काय करायचं इथं? बसायचं. घंटा झाली की जायचं.

म्हणून जायच्या आधी महिनाभर घरी करून बघा. प्रभातवंदना आणि रात्रवंदना, म्हणजे चर्चच्या रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांपैकी सकाळची आणि झोपण्याआधीची, एवढी दोनच. मराठीत छापील मिळते का ते पॅरिशमध्ये (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) विचारा. सकाळी ठरलेल्या वेळी, रात्री ठरलेल्या वेळी, आणि रात्रवंदना झाली की मोबाईल बंद, सकाळची प्रार्थना होईपर्यंत. हा मोबाईलचा भाग सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्याकडे घरातले सगळे जेवण झाल्यावरच व्हॉट्सअ‍ॅपवर जागे होतात. मूड नसला तरी म्हणायची. वारकरी घरात संध्याकाळी हरिपाठ होतो तो आज मन लागतंय का हे विचारून होत नाही, दिवेलागण झाली की सुरू होतो, तसंच धरा. वेळ मिळाला तर बायबलवाचनाची जुनी पद्धत पण चालू करा, तिला लेक्सिओ दिव्हिना म्हणतात. बाराव्या शतकातल्या गुइगो नावाच्या कार्थुसियन मठवासीनं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापुढे असणं. एका वेळी दहा-बारा ओळी पुरतात, धडेच्या धडे वाचत सुटू नका. मोठ्यानं पुटपुटत वाचलं तर अजून बरं, जुने मठवासी तसंच वाचायचे. महिन्याभरात चार-पाच दिवस चुकले तर काही बिघडत नाही, पण पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं असेल तर तिकीट काढायची घाई नको.

मग पत्र किंवा ईमेल. न कळवता बॅग घेऊन दारात उभं राहू नका, आश्रम आहे म्हणजे कधीही जागा असते असं नाही. पत्रात काय लिहायचं याचं लोकांना फार टेन्शन येतं. नाव, वय, काय करता, कुठल्या पॅरिशचे, कधीपासून कधीपर्यंत यायचंय, पथ्यपाणी किंवा औषधं असतील तर ती, आणि का यायचंय ते दोन ओळीत. दोनच. आयुष्याची कहाणी प्रत्यक्ष भेटीत सांगता येते. ख्रिस्ती नसाल तर तसं सरळ लिहा, बहुतेक ठिकाणी काही अडचण नसते. बायकांची राहायची सोय आहे का ते मात्र प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्या. पॅरिशच्या फादरांची चिठ्ठी असली तर काम सोपं होतं, आधार कार्ड लागतंच. उत्तर यायला वेळ लागतो, तिकडे कोणी दिवसभर इनबॉक्स उघडून बसलेलं नसतं, तेव्हा तिसऱ्या दिवशी 'रिमाइंडर' टाकू नका.

बॅगेत टॉर्च, शाल, आवाज न करणाऱ्या चपला (हे लिहून घ्या, पहाटेच्या अंधारात चॅपलच्या फरशीवर फटाक फटाक करत जाणारा पाहुणा सगळ्यांना आयुष्यभर लक्षात राहतो), बायबल, एक वही. बिस्किटांचे पुडे भरायची गरज नाही पण मला माहितीये तुम्ही भरणारच. जेवण आश्रमांमध्ये शाकाहारी आणि साधं असतं.

आता दिवस कसा जातो. ठिकाणाप्रमाणे वेळा बदलतात पण सांगाडा तोच. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास पहिली प्रार्थना, उजाडताना प्रभातवंदना, मिस्सा, नाश्ता, काम, दुपारची छोटी प्रार्थना, जेवण, थोडी विश्रांती, पुन्हा काम किंवा वाचन, सायंवंदना, हलकं जेवण, रात्रवंदना, आणि आठ-साडेआठला दिवे बंद. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात जी नियमावली लिहिली, 73 प्रकरणांची, तिच्यात दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा असं ठरवून दिलंय आणि आठवड्याभरात बायबलमधली 150 च्या 150 स्तोत्रं पूर्ण झाली पाहिजेत असंही. आज बरेच मठ ती जास्त दिवसांत विभागतात, पण घंटा वाजली की हातातलं काम तिथंच टाकून उठायचं, हे अजून तसंच आहे. पत्रातलं वाक्य अर्धं राहिलं तरी.

बेनेडिक्टाइन पद्धतीच्या चॅपलमध्ये स्तोत्रं दोन बाजूंनी आळीपाळीनं म्हणतात, एक ओळ या बाजूची, एक त्या बाजूची, आणि ओळीच्या मध्यावर एक थांबा असतो. चांगला श्वासभर. नवीन माणूस हमखास तिथं घुसतो, म्हणजे सगळे थांबलेत आणि याचा एकट्याचा आवाज पुढच्या शब्दावर. उपाय सोपा आहे, पहिले दोन दिवस ओठ हलवा पण आवाज शेजाऱ्यापेक्षा कमी ठेवा, उभं राहणं, बसणं, वाकणं सगळं इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा करा. तिसऱ्या दिवशी तो थांबा आपोआप अंगात येतो. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो, बाकीच्यांनी जागेवर बसून राहावं, कोणी वाईट नजरेनं बघत नाही.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण नाशिकचा माणूस मिसळ खायला बसला तरी टेबलावर अर्धा तास राजकारण चालतं. अनेक मठांमध्ये जेवताना कोणी बोलत नाही, एकजण पुस्तक वाचतो आणि बाकीचे ऐकत जेवतात. तो वाचणारा आठवड्याला बदलतो, स्वयंपाकघरात वाढपाचं काम करणारेही आठवड्याला बदलतात. नियमावलीच्या 38 व्या प्रकरणात लिहिलंय की जेवताना लागणाऱ्या गोष्टी एकमेकांनी अशा पुढे करायच्या की कोणाला मागायची वेळच येऊ नये. म्हणजे मीठ हवं असेल तर ते मागायचं नाही, शेजाऱ्यानं बघायचं असतं. पहिल्या दिवशी तुम्ही आळणी भाजी खाता. दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की समोरच्या म्हाताऱ्या ब्रदरांचं पाणी संपलंय आणि पाण्याचा जग तुमच्या हाताशी आहे, ते केव्हापासून रिकाम्या पेल्याकडे बघतायत. तो जग उचलला की जमलं. ताटं स्वतःची स्वतः घासायची आणि नीट घासायची, कारण त्याच नियमावलीत मठाची भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत असं सांगितलंय, आणि तुम्ही कढईला तळाशी चिकटलेलं तसंच ठेवून आलात तर ती कोणीतरी काही न बोलता तुमच्यासमोर परत घासतो. ते जास्त लागतं.

कामाला नाही म्हणू नका. गोठा, बाग, भाज्या चिरणं, झाडणं, जे देतील ते. 'मी आयटीत आहे, वेबसाईट करून देऊ का' असं विचारू नका, झाडू घ्या. निघताना पैसे किती हा प्रश्न असतोच. बऱ्याच ठिकाणी ठरलेला रेट नसतो, पाकीट ठेवायचं. शेगाव-शिर्डीच्या भक्तनिवासाचे दर डोक्यात असतील तर ते इथं लावू नका, तुमच्यावर रोज साधारण काय खर्च झाला असेल त्याचा अंदाज घ्या आणि त्यापेक्षा थोडं जास्त द्या. नसतीलच तर तसं सांगा, पाहुण्याला ख्रिस्त समजून आत घ्यायचं असा नियम आहे, तुम्हाला उपाशी परत पाठवणार नाहीत.

आता दुसरा प्रकार, कायमचं जायचं म्हणणारे.

घाबरू नका आणि घाई करू नका, कारण तुम्ही कितीही घाई केली तरी ते करत नाहीत. बेनेडिक्टनंच लिहून ठेवलंय, 58 व्या प्रकरणात, की नव्यानं येणाऱ्याला सहज आत घेऊ नका, चार-पाच दिवस दारात ताटकळला आणि तरी मागे हटला नाही तर मग बघा. आज दारात कोणी उभं करत नाही, त्याऐवजी पत्रव्यवहार, भेटी, थोडे दिवस राहून जाणं, पुन्हा घरी पाठवणं. आधी पॅरिशच्या फादरांशी बोला, पण त्याहीपेक्षा एक आध्यात्मिक मार्गदर्शक धरा, ज्याचा तुम्ही त्या मठात जाण्यात काही फायदा-तोटा नाही असा. आणि मुख्य म्हणजे तुम्ही कशापासून पळताय का हे तो विचारेल तेव्हा चिडू नका, तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. ब्रेकअप, एमपीएससीचा निकाल, घरातली भांडणं, यातलं काही ताजं असेल तर वर्षभर थांबायला सांगतील आणि बरोबरच आहे ते.

कायद्याची बाजू. चर्चच्या कायद्यानुसार नोव्हिशिएटला (मठातल्या उमेदवारीच्या काळाला) वय पूर्ण 17 हवं. लिझ्यूची संत तेरेजा पंधराव्या वर्षी, 1888 मध्ये, कार्मेलला गेली तसं आता होत नाही. लग्न झालेलं असेल आणि नातं कायम असेल तर घेत नाहीत. डोक्यावर फेडता न येणारं कर्ज असेल तरी नाही, तेव्हा ट्रॅक्टरचं किंवा पर्सनल लोन आधी मिटवा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराचे) दाखले लागतात, तब्येतीचे रिपोर्ट लागतात, हल्ली मानसशास्त्रीय चाचणीही बरेच मठ करतात.

किती वर्षं लागतात? बंदिस्त मठातल्या सिस्टरांसाठी 2018 मध्ये रोमनं नवे नियम काढले, त्यानुसार निदान वर्षभर नुसती ओळख, मग वर्षभर पोस्ट्युलन्सी (नोव्हिशिएटची पूर्वतयारी), दोन वर्षं नोव्हिशिएट, आणि तात्पुरत्या व्रतांची निदान पाच वर्षं. म्हणजे आजीवन व्रतं घेण्याआधी नऊ वर्षं, बारापर्यंतही जाऊ शकतात. नोव्हिस असेपर्यंत कधीही निघून येता येतं, कोणाला कारण द्यावं लागत नाही, आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की पण सरळ घरी येता येतं. हे मी घरच्यांना मुद्दाम दोनदा सांगतो. 'एकदा गेली की गेली' हे पहिल्या नऊ वर्षांत तरी खरं नाही, एवढा साखरपुडा आपल्याकडे कोणाचा चालत नाही.

जमिनीचं काय, हा प्रश्न निफाड-दिंडोरीकडच्या घरांमध्ये हमखास निघतो, बहुतेक मामा काढतात. सातबाऱ्यावर मुलीचं नाव आहे, ती मठात गेली तर द्राक्षबाग मठाला जाणार का? तर नाही, तसं आपोआप काही होत नाही. पहिल्या व्रतांच्या आधी आपल्या मालमत्तेचा कारभार कोणी बघायचा ते तिनं स्वतः ठरवून द्यायचं असतं, भावाला द्या, आईला द्या, तिची मर्जी. आणि आजीवन व्रतांच्या आधी मृत्युपत्र करायचं असतं, तेही देशाच्या कायद्यात टिकेल असं. त्यामुळे वकिलाकडे एक फेरी आहेच.

घरी सांगायचं कसं, याला फॉर्म्युला नाही. एवढं करा की घोषणा करू नका. 'मी ठरवलंय' ऐवजी 'मला बघून यायचंय' म्हणा, ते खरंही आहे. आई रडणार, बाबा काही बोलणार नाहीत आणि मग आत्या फोन करून म्हणणार की एवढं शिकवलं ते कशाला. त्यांना एकदा मठात घेऊन जा. भेटीच्या खोलीत जाळीपलीकडून त्या सिस्टर हसताना, मोठ्यानं हसताना ऐकल्या की निम्मी भीती जाते. अविलाच्या तेरेजानं 1562 मध्ये तिचा पहिला छोटा मठ काढला तेव्हापासून कार्मेलमध्ये रोज दोन तास मूक प्रार्थनेबरोबर एकत्र बसून गप्पांचा वेळही ठरलेला आहे, शिवणटिपण करत. आत सगळ्या दुःखी मुली बसल्यात हे सिनेमातलं चित्र आहे.

भेटायला कधी, किती वेळा, हे प्रत्येक मठाचं वेगळं, आधी विचारा. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) बऱ्याच ठिकाणी भेटी बंद असतात. आणि जाताना तिच्यासाठी म्हणून डबा, ड्रेसचं कापड, चिवडा असं वेगळं बांधून नेऊ नका, भेटवस्तू वरिष्ठांकडे जाते आणि तिचं काय करायचं ते त्या ठरवतात, बहुतेक वेळा सगळ्यांच्या टेबलावर येते. आई दोन किलो द्राक्षं 'फक्त तिला' म्हणून घेऊन जाते आणि पंधरा-वीस जणींमध्ये प्रत्येकीला मूठभरच मणी येतात. न्यायचीच असतील तर पेटी न्या.